मॅच आहे, हे सरळ सांग

(पत्र बरंच मोठं होतं. मुद्द्याचा भाग इथे देते आहे.)

प्रिय ताई,

मी अकरा वर्षांची असताना दादाने मला रात्री झोपेतून उठवून चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची इस्तंबूलची फायनल दाखवली. तेव्हापासून मी लिव्हरपूल या इंग्लिश क्लबची. आता तिशी ओलांडली आहे. माझा कॉलेजचा ग्रुप आहे, ऑफिसचा आहे, रविवारी सकाळी टर्फवर खेळणाऱ्या मुलींचा आहे आणि मॅच एकत्र बघणाऱ्या चाहत्यांचाही आहे. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. शुक्रवार आला की पोटात गोळा येतो, कारण शनिवार-रविवारी मी तीन ठिकाणी 'येते' म्हणून बसलेली असते.

गेल्या महिन्यात जिवलग मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले आणि मॅचचा दुसरा हाफ त्यांच्या बाथरूममध्ये मोबाइलवर बघितला. बाहेर आले तेव्हा कळलं की तिने सगळ्यांसमोर माझ्याबद्दल बोलून माझे आभार मानले होते, आणि मी तिथे नव्हतेच. त्याआधी एकदा 'डोकं दुखतंय' सांगून तिचा बेत टाळला होता. त्याच रात्री स्क्रीनिंगचा फोटो कुणीतरी स्टेटसला टाकला आणि तिने तो पाहिला. ती काही बोलली नाही. पण हल्ली बोलवतानाच म्हणते, "तुला जमणार नाहीच ना." मॅच हरलो की घरी सगळ्यांवर खेकसते. चाहत्यांच्या ग्रुपमध्ये दोन मॅच चुकल्या की टोमणे ऐकावे लागतात. दादा आता लांब राहतो, मॅच चालू असताना मेसेज करतो तेवढंच. फुटबॉल सोडून देऊ का?

लाल जर्सीवाली


प्रिय लाल जर्सीवाली,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, सोडू नकोस. सोडलंस तर शनिवार मोकळा होईल, पण 'नाही' म्हणता न येण्याचा तुझा त्रास तसाच राहील आणि त्या मोकळ्या शनिवारी चौथं कुणीतरी येऊन बसेल.

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू पहिल्याच वाक्यात सांगितलीस आणि पुढे विसरून गेलीस. तुला दादाने उठवलं. ती 25 मे 2005 ची रात्र, लिव्हरपूल विरुद्ध इटलीचं मिलान. पहिल्याच मिनिटाला माल्दिनीचा गोल, मग क्रेस्पोचे दोन, हाफटाइमला मिलान 3-0 ने पुढे. तू लिहिलं आहेस की तेव्हा तू कंटाळून झोपायला गेलीस आणि दादा एकटाच बसून राहिला. मग लिव्हरपूलचे गोल, 54 व्या मिनिटाला जेरार्ड, 56 व्या मिनिटाला श्मिट्सर आणि 60 व्या मिनिटाला अलोन्सो, तेही आधी अडवलेल्या पेनल्टीचा परत आलेला चेंडू मारून. सहा मिनिटांत 3-3. त्या मुलाचा जरा विचार कर. घरातले बाकी सगळे झोपलेले, ओरडायची सोय नाही, आणि एवढा आनंद एकट्याच्या पोटात मावत नाही. म्हणून तो पाय न वाजवता तुझ्या खोलीत आला आणि तुला हलवून जागं केलं. त्याला सोबत कुणीतरी हवं होतं. तुझं फुटबॉल तिथून सुरू झालं आहे.

आणि आता वीस वर्षांनी तू फुटबॉल एका पारड्यात टाकलं आहेस आणि माणसं दुसऱ्यात. तुझ्या क्लबचंच बघ ना. 1990 नंतर तब्बल 30 वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली ती 2020 मध्ये, महामारीच्या काळात. 25 जूनला चेल्सीने लिव्हरपूलच्या मागे असलेल्या मँचेस्टर सिटीला हरवलं आणि विजेतेपद नक्की झालं, त्या वेळी लिव्हरपूलचे खेळाडू मैदानावरसुद्धा नव्हते. 22 जुलैला ॲनफिल्डवर, म्हणजे स्वतःच्या मैदानावर ट्रॉफी उचलली तेव्हा स्टँड रिकामे होते. पुढची लीग आली 2025 मध्ये. 27 एप्रिलला टॉटनहॅमला 5-1 ने हरवलं आणि त्या दिवशी ॲनफिल्ड खचाखच भरलं होतं. आकडेवारीत दोन्ही विजेतेपदं सारखीच. पण पाच वर्षांपूर्वी जे ओरडायचं राहून गेलं होतं, ते लोकांनी त्या दिवशी ओरडून घेतलं. हे मी तुला काय सांगायचं, तू तर ती मॅच बघितली असणार.

आता त्या बाथरूमकडे येऊ. तू तिथला तपशील लिहिला आहेस आणि तो वाचताना मला फार वाईट वाटलं. कडी लावलेली, कमोडचं झाकण लावून त्यावर बसलेली तू, आवाज पूर्ण बंद, बाहेर कुणी दार वाजवलं की नळ सोडायचा. लिव्हरपूलचा गोल झाला तेव्हा तू तोंडावर हात ठेवलास. वीस वर्षं ज्या संघावर जीव लावलास, त्याच्या गोलला तू तोंड दाबून घेतलंस. आणि दाराच्या पलीकडे तुझी मैत्रीण सगळ्यांना सांगत होती की तू तिच्यासाठी काय काय केलंस. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच. मॅचही तुला मिळाली नाही आणि वाढदिवसही मिळाला नाही. त्या दिवशी तू घरी राहून मॅच बघितली असतीस, तर निदान एक गोष्ट पूर्ण पदरात पडली असती. माझ्या मते तुझा प्रश्न वेळेचा कमी आणि लपवण्याचा जास्त आहे.

डोकेदुखीचंही तसंच. मॅचसाठी बेत मोडलास याने ती इतकी दुखावली असेल असं मला वाटत नाही. जवळच्या माणसाला खोटं सांगितलेलं कळतं तेव्हा त्याला वाटतं, 'म्हणजे ज्यांना थापा मारायच्या, त्या लोकांत आता मीही जमा झाले.' ते फार लागतं. तुझा गाण्याचा क्लास असता तर तू सरळ सांगितलं असतंस की क्लास आहे. ऑफिसात शिफ्ट असती तर सांगितलं असतंस. मॅचच्या बाबतीत तुला लाज वाटते, कारण मोठ्या बाईने एवढ्यासाठी बेत मोडणं पोरकट दिसेल असं तुला आतून वाटतं. ते तुला पोरकट वाटत नसेल, तर तसं बोल. "शनिवारी मॅच आहे, मला ती बघायची आहे. रविवारी दिवसभर तुझी." इतकंच. पुढे स्पष्टीकरण नको, माफी नको. खरं कारण ऐकून चिडलेलं माणूस दोन दिवसांत निवळतं. खोटं कारण मात्र महिनोन्महिने मनात राहतं.

माझ्याबाबतीत घडलेली एक गोष्ट सांगते. 9 जुलै 2006, बर्लिनला वर्ल्ड कपची फायनल, इटली आणि फ्रान्स. माझी लहानपणापासूनची मैत्रीण दुसऱ्या दिवशी कायमची परदेशी निघाली होती. संध्याकाळी सगळे तिच्याकडे जमणार होते. मी तिला सांगितलं की बरं वाटत नाहीये, आणि घरी बसून मॅच बघितली. फ्रान्सच्या झिदानने 110 व्या मिनिटाला इटलीच्या मातेरात्सीच्या छातीत डोकं मारलं आणि लाल कार्ड घेऊन तो कपच्या बाजूने खाली मान घालून आत निघून गेला, ते मला आजही पावलासकट आठवतं. मैत्रीण त्या संध्याकाळी कशी दिसत होती ते मला माहीत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी आम्ही भेटलो, तेव्हा मी न राहवून खरं सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, पाहुणे लवकर गेले होते. मीही तीच मॅच बघत होते. बॅगा बांधून झाल्या होत्या, झोप येत नव्हती, एकटीच बसले होते." म्हणजे आम्ही दोघी एकाच वेळी, दोन घरांत, एकट्या बसून तीच पेनल्टी शूटआउट बघत होतो. मी फक्त विचारायला हवं होतं, की मॅच तुझ्याकडे बघूया का.

म्हणून तुला सांगते, आधी विचार. समोरचा काय म्हणेल हे स्वतःच ठरवून टाकू नकोस. तुझ्या मैत्रिणीला आधी म्हटलं असतंस, "वाढदिवस आणि मॅच एकाच वेळी आलेत, मी काय करू?" तर कदाचित तीच म्हणाली असती, की आठला ये आणि उशिरापर्यंत थांब. किंवा म्हणाली असती, नाही, या वेळी तू मला हवीच आहेस. दोन्ही उत्तरांनी तुझं काम झालं असतं.

आता वेळेचा हिशोब, कारण तू लिहिलं आहेस की फुटबॉलने आयुष्य खाऊन टाकलंय. लिव्हरपूलचा 2021-22 चा सीझन आठव. त्या वर्षी संघ जितक्या मॅच खेळू शकत होता तितक्या सगळ्या खेळला, एकूण 63. लीगच्या 38, चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत 13 आणि इंग्लंडमधल्या दोन्ही कप स्पर्धांच्या फायनलपर्यंत सहा-सहा. हाफटाइम धरून एका मॅचला दोन तास लावले, तरी एकूण 126 तास. म्हणजे अख्ख्या वर्षातले सव्वापाच दिवस. यापेक्षा जास्त मॅच असलेलं वर्ष तुझ्या वाट्याला सहसा यायचं नाही. सव्वापाच दिवसांनी कुणाचं आयुष्य खाल्लं जात नाही.

खातं ते मॅचच्या आजूबाजूचं. अकरा जण कोण याचा अंदाज, टीम जाहीर झाल्यावर तासभर चर्चा, फॅन्टसी लीगचा संघ बदलणं, संपल्यावर पॉडकास्ट, मग दुसऱ्या क्लबच्या चाहत्यांशी वाद, आणि उन्हाळ्यात मॅचच नसताना ट्रान्सफरच्या अफवा. यातलं काय खरंच आवडतं आणि काय नुसती सवय म्हणून चाललंय, ते तुझं तूच ठरव. मी स्वतः अफवा वाचणं बंद केलं. खेळाडू क्लबात आला की कळतंच, आणि न आलेल्या खेळाडूंसाठी घालवलेल्या संध्याकाळी कुणी परत देत नाही.

मॅचची निवडही करायला शीक. सगळं बघणं आता कुणालाच शक्य नाही. चॅम्पियन्स लीगच्या सुरुवातीच्या फेरीत पूर्वी प्रत्येक संघाच्या सहा मॅच असायच्या, 2024-25 पासून त्या आठ झाल्या. वर्ल्ड कपला 2022 मध्ये 64 मॅच होत्या, 2026 पासून 48 संघ आणि 104 मॅच. स्पर्धा वाढतच जाणार, तुझे शनिवार तेवढेच राहणार. सीझन सुरू होताना एका कागदावर लिहून काढ, कुठल्या मॅचसाठी तू काहीही सोडशील. एव्हर्टन, मँचेस्टर युनायटेड, बाद फेऱ्या, शेवटचे पाच-सहा आठवडे, जे काही तुझं असेल ते. त्या मॅचना कुणी काही म्हणो, तू तिथे. उरलेल्यांपैकी बऱ्याच मॅच जमल्या तर बघायच्या, नाही जमल्या तर नंतर पूर्ण मॅच लावायची, आणि कपच्या पहिल्या फेऱ्यांसाठी कुणाचा वाढदिवस चुकवायचा नाही.

पण जूनमध्ये फिक्स्चर जाहीर झाले की लगेच त्या तारखा धरून लोकांना शब्द देऊ नकोस. प्रीमियर लीगची ती यादी कच्ची असते. टीव्हीसाठी मॅच निवडल्या की शनिवारची मॅच रविवारी किंवा सोमवारी रात्री जाते, आणि संघ युरोपात खेळत असेल तर आणखी हलते. टीव्हीच्या तारखा आल्यावरच मैत्रिणींशी बोल. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागेपुढे होतात, हे फोनमध्ये नोंदवून ठेव. त्या एका तासाने ठरलेले बेत फिसकटताना मी पाहिलेत. आणि एक हुकमी गोष्ट, जी चाहते कुरकुर करत घालवतात: सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या काळात आणि मार्चमध्ये देशांच्या मॅचसाठी क्लब फुटबॉल थांबतं. ते शनिवार-रविवार तुझे हक्काचे मोकळे. तारखा कितीतरी आधी ठाऊक असतात. वर्षातली मोठी गाठभेट, सहल, ज्यांना 'भेटू एकदा' म्हणून वर्ष झालं ती सगळी माणसं, सगळं तिथे बसव. आणि बोलावणं तुझ्याकडून जाऊ दे. नेहमी दुसऱ्यांच्या बेतांना हो-नाही म्हणणारं माणूस सतत कुणाचं तरी मन मोडत असतं. स्वतः बेत आखणाऱ्याला एखाद्या शनिवारची गैरहजेरी लोक सहज माफ करतात.

नंतर मॅच बघण्याबद्दल थोडं. स्कोअर कळू न देता बघायची तर फोनवरच्या सगळ्या स्पोर्ट्स ॲपचे नोटिफिकेशन बंद, ग्रुप म्यूट, आणि दादाला आधीच मेसेज, 'मी उशिरा बघणार आहे, काही लिहू नकोस.' लाइव्हची सर त्याला येत नाही, खोटं कशाला सांगू. पण फोन पर्समध्ये बंद ठेवून मैत्रिणीशी धड बोललेली एक संध्याकाळ आणि नंतर शांतपणे बघितलेली एक मॅच, हा सौदा मला कितीतरी वेळा फायद्याचा वाटला आहे. टेबलाखाली दर दोन मिनिटांनी स्कोअर बघणं हा मात्र सगळ्यात वाईट मार्ग. समोरच्याला ते दिसतं. बोलता बोलता तुझी नजर खाली गेली की त्याचं वाक्य अर्धं राहतं, आणि तिसऱ्यांदा असं झालं की तो महत्त्वाचं काही सांगायचंच सोडून देतो.

तू लिहिलं आहेस की कॉलेजच्या ग्रुपला एकदा घरी मॅचला बोलावलंस आणि तो अनुभव वाईट गेला. आठ जण आले, कुणी खेळाडूंच्या केसांवर बोलत होतं, कुणी आपल्या बॉसबद्दल, आणि बरोबर पेनल्टीच्या वेळी एकीने विचारलं की आपले कोणते. तू चिडून 'जरा गप्प बसा' म्हणालीस आणि संध्याकाळ विझली. इथे चूक त्यांची नव्हती. मॅच बघणं एक आणि मॅच लावून जमणं वेगळं. दोन्ही मजेचं आहे, पण एकाच संध्याकाळी दोन्ही होत नाही. ज्या मॅचने तुझ्या हाताला घाम फुटतो ती दादासोबत बघ, नाहीतर तिच्यात तेवढाच जीव असलेल्या एक-दोघांबरोबर बघ, किंवा अगदी एकटीने. गर्दी जमवायची तर तुझं काहीच पणाला नाही अशी मॅच निवड. वर्ल्ड कप त्यासाठी उत्तम. कुणीही कुठलाही देश निवडतो आणि दोन तास त्याचा होऊन जातो.

नवख्या माणसाला ऑफसाइड समजावत बसू नकोस. माणसाला माणसाची गोष्ट धरून ठेवते. तुझ्या मैत्रिणीला सांग ना, अकरा वर्षांची तू अर्धवट झोपेत, डोळे चोळत टीव्हीसमोर कशी बसलीस, एक्स्ट्रा टाइममध्ये लिव्हरपूलचा गोलकीपर डुडेकने मिलानच्या शेव्हचेन्कोचे लागोपाठचे दोन फटके कसे अडवले, आणि दादाने तुझा हात किती घट्ट धरला होता. हे ऐकल्यावर ती लिव्हरपूलची होणार नाही कदाचित. पण लाल जर्सी घातलीस की तुला काय होतं, ते तिला कळेल. मला खात्री आहे, इतक्या वर्षांत तू हे तिला एकदाही नीट सांगितलेलं नाहीस.

चाहत्यांच्या ग्रुपबद्दल. तिथे हजेरी घेतात, दोन मॅच चुकल्या तर 'तू कसली फॅन' म्हणतात, आणि त्यातल्या काही जणांना अजून मुलींची परीक्षा घ्यायची हौस आहे, अमुक साली कोण गोलकीपर होतं वगैरे. परीक्षा देऊ नकोस. पुढच्या वेळी त्यांना हे सांग: 26 डिसेंबर 1920 ला, लिव्हरपूल शहरातच, गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या महिला संघाची मॅच बघायला 53,000 लोक आत होते आणि हजारो बाहेर अडकले होते. वर्षभरात, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने फुटबॉल बायकांना योग्य नाही म्हणून आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी घातली. ती उठायला 1971 उजाडलं. ॲनफिल्डपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच्या त्याच गुडिसनवर आता एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. पन्नास वर्षं मैदान बंद ठेवूनही बायका या खेळातून गेल्या नाहीत. दोन स्क्रीनिंग चुकवून तू कुठे जाणार आहेस? आणि एवढं सांगूनही टोमणे थांबले नाहीत, तर तो ग्रुप सोड. मॅच दुसरीकडेही दिसते. टर्फवरच्या मुलींना मात्र धरून ठेव. घाम गाळून एकत्र खेळलेली माणसं सहजी दुरावत नाहीत.

हरल्यावरच्या चिडचिडीवर मला थोडं थांबून बोलायचं आहे. घरचे म्हणतात ना, 'तुला काय मिळतं त्यातून, इतकं मनाला लावून घेतेस?' तू ते नाटक म्हणून करत नाहीस, हे मला ठाऊक आहे. त्याच 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये म्युनिक आणि आसपासच्या भागात डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या होत्या. जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या अडीच पटींहून जास्त निघाल्या. बघणाऱ्याच्या शरीराला ती मॅच खरीच असते. अमेरिकेतल्या रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने 1976 मध्ये त्यांच्याकडच्या फुटबॉलवर एक अभ्यास केला. कॉलेजचा संघ जिंकला की विद्यार्थी 'आपण जिंकलो' असं जास्त म्हणायचे, आणि हरला की बहुतेकदा 'ते हरले'. तुझ्या पत्रात सगळीकडे 'हरलो' आहे. तू हरण्यातही त्यांना सोडत नाहीस. ही निष्ठा मला फार आवडली. पण तिची किंमत घरातल्या माणसांनी का मोजायची?

म्हणून मॅच संपल्या संपल्या कुणाला भेटायचं ठरवू नकोस. मध्ये एक तास ठेव. हरलीस तर चप्पल घाल आणि वीस मिनिटं चालून ये. फोन घरी ठेवून जा, कारण हरल्याच्या रात्री ग्रुपवर लिहिलेलं सकाळी वाचवत नाही. घरच्यांना एकदाच, शांत असताना सांगून ठेव, "हरल्यावर मला अर्धा तास द्या, मग मी बोलेन." आणि तो अर्धा तास संपला की खरंच बोल. खेकसलीस तर त्याच रात्री माफी माग, पुढची मॅच जिंकेपर्यंत थांबू नकोस. आणि पराभवाने दोन-तीन दिवस झोप उडत असेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर आत दुसरं काहीतरी साठलेलं असू शकतं. तसं असेल तर मला परत लिही, किंवा त्याहून चांगलं म्हणजे समुपदेशकाशी बोल. त्यात कमीपणा नाही.

आता मैत्रीण. "तुला जमणार नाहीच ना" या वाक्यात तुला टोमणा ऐकू येतो. मला वाटतं, नकार ऐकावा लागू नये म्हणून ती तो आधीच स्वतःच्या तोंडाने बोलून घेते आहे. अजून बोलावते आहे, याचा अर्थ दार उघडं आहे. तिला मेसेजवर लांबलचक माफीनामा पाठवू नकोस. भेट. सरळ सांग की त्या दिवशी डोकं दुखत नव्हतं, मॅचला गेले होते, तुला खोटं बोलले. वाढदिवसाला बाथरूममध्ये काय करत होते तेही सांग. तिला राग आला तर येऊ दे, लगेच स्वतःची बाजू मांडू नकोस. आणि मग तिला विचार, "त्या दिवशी माझ्याबद्दल काय बोललीस? मला पुन्हा सांगशील?"

ती आधी नाही म्हणेल. एकदाच आग्रह कर. ती बोलायला लागली की मध्ये बोलू नकोस, विषय हलका करू नकोस, फोन दुसऱ्या खोलीत असू दे.

आणि दादा. तुम्हा दोघांत आता फक्त मॅचचे मेसेज उरलेत असं तू कळवळून लिहिलं आहेस. 'गोल', 'रेफ्री झोपलाय का', 'ऑफसाइड होता'. ते कमी समजू नकोस. लांब राहणारा भाऊ आठवड्यातून दोन तास तुझ्या शेजारी बसलेला असतो, असंच ते आहे. पण पुढचा इंटरनॅशनल ब्रेक आला, मॅच नाही, काही निमित्त नाही, अशा एखाद्या रात्री त्याला फोन लाव. इस्तंबूलच्या रात्री मला उठवताना तू नक्की काय म्हणाला होतास, एवढं विचार. तुला आठवत नाही म्हणतेस. त्याला आठवत असेल.

तुझी,
ताई